पडद्यावर नाव कुणाचं, दोष कुणाचा

(वेळणेश्वर येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



 आजचा विषय घराघरांत, शाळांत आणि सेवा केंद्रांत रोज भेटणारा आहे. चालू कम्प्युटर अचानक बंद का पडतो, पडदा निळा किंवा काळा का होतो आणि त्यामागचं खरं कारण कसं शोधायचं, असा तो विषय.

सुरुवात २०२४ सालच्या एका प्रकरणापासून करणं योग्य ठरेल. त्या वर्षाच्या आरंभी जगभर कम्प्युटरवर खेळ खेळणाऱ्यांना एकच तक्रार भेडसावू लागली. अनरियल इंजिन या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर तयार झालेला खेळ उघडला की तो मध्येच बंद पडे आणि व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश येई. लोकांनी साहजिकच ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, मग जुना टाकून पाहिला. पण चोवीस गिगाबाइट मेमरीच्या महागड्या कार्डांवरही तोच संदेश येत होता, आणि इतकी मेमरी खेळ उघडता उघडता संपणं शक्यच नव्हतं.

उलगडा वेगळ्याच दिशेनं झाला. खेळाच्या दाबून भरलेल्या फाइली उलगडणारं सॉफ्टवेअर रॅड गेम टूल्स ही कंपनी बनवते. फाइली उलगडताना हिशेब चुकतो आहे आणि तो चुकवणारा घटक प्रोसेसर आहे, हे तिच्या अभियंत्यांनी दाखवून दिलं. असे बहुतेक कम्प्युटर इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या दर्जाच्या प्रोसेसरवर चालत होते. एप्रिलमध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियानं आपल्या ड्रायव्हरसोबतच्या टिपणातच अशा ग्राहकांना इंटेलकडे जायला सांगितलं. जुलैत इंटेलनं जाहीर केलं, की प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोड काही वेळा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. त्या जादा व्होल्टेजनं प्रोसेसरमधली सर्किटं हळूहळू झिजत होती. ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड आला, हमी तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली गेली. जे प्रोसेसर आधीच झिजले होते त्यांना मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरचा उपयोग नव्हता. ते बदलावेच लागले.

या प्रकरणात आजच्या विषयाचं सार आहे. यात्रेच्या गर्दीत मागून धक्का बसला की पुढचा माणूस पडतो. लोकांना पडलेला दिसतो, ढकलणारा दिसत नाही. कम्प्युटर बंद पडताना पडद्यावर जे नाव येतं ते पडलेल्याचं असतं. ढकलणारा शोधण्याचं काम तिथून पुढे सुरू होतं. हे काम धीरानं केलं तर चांगली यंत्रं वाचतात. घाईनं केलं तर चांगला भाग फेकला जातो आणि बिघडलेला जागेवरच राहतो.

याचा अर्थ ग्राफिक्सचा ड्रायव्हर नेहमी निर्दोष असतो असा नाही. २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आली तेव्हाचा अनुभव अगदी उलट होता. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली. व्हिस्टा कोसळण्याच्या नोंदलेल्या घटनांपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवत होत्या, १७.९ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरकडे आणि ९.३ टक्के एटीआयच्या ड्रायव्हरकडे. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला आपला १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण तो टाकल्यावर काही कार्डांचा पंखा हवा तसा फिरत नव्हता आणि कार्ड तापत होतं. म्हणजे सॉफ्टवेअरच्या चुकीनं हार्डवेअर धोक्यात आलं. दोष कोणत्याही बाजूनं येऊ शकतो, म्हणून तो आधीच ठरवून टाकणं धोक्याचं.

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला मध्यस्थ. कम्प्युटरमधल्या सगळ्या ड्रायव्हरांमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर सर्वांत मोठा आणि गुंतागुंतीचा असतो. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये वेग वाढावा म्हणून चित्र काढण्याचं बरंचसं काम थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात नेलं गेलं. वेग मिळाला, पण तिथे चूक झाली की पूर्ण यंत्रणा कोसळू लागली. व्हिस्टानं ड्रायव्हरचे दोन भाग केले आणि त्यातला मोठा भाग गाभ्याबाहेर काढला. शिवाय एक पहारेकरी बसवला. कार्डानं दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही तर विंडोज ते कार्ड पुन्हा सुरू करते. पडदा क्षणभर काळा होतो, परत येतो आणि ड्रायव्हर थांबला होता, आता सावरला आहे, अशी नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकानं होते. कार्ड सावरलंच नाही किंवा एका मिनिटात पाचाहून जास्त वेळा अडकलं, तर विंडोज हात टेकते आणि ११६ क्रमांकाचा स्टॉप कोड, म्हणजे कोसळण्याच्या कारणाचा संकेतांक, पडद्यावर येतो.

दोन सेकंदांची ही मर्यादा वाढवून घेण्याचा सल्ला अनेक जण देतात. तासन् तास गणितं करणाऱ्या संशोधकाला त्याचा उपयोग आहे. घरच्या कम्प्युटरवर मात्र त्यानं फक्त पहारेकरी उशिरा जागा होतो, दुखणं तसंच राहतं.

पडद्यावर दिसणारं आणि आत असलेलं यांतला फरक मराठी माणसानं फार पूर्वी पाहिला आहे. ऐंशीच्या दशकात पीसीच्या पडद्यावर देवनागरी उमटवणं कठीण होतं. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर तोड काढली, आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकनं ती जिस्ट कार्डाच्या रूपानं घराघरांत नसली तरी कार्यालया-कार्यालयांत पोचवली. हे कार्ड कम्प्युटरच्या खाचेत बसायचं आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्राममध्येही मराठी अक्षरं दाखवायचं. साठवलेली माहिती म्हणजे केवळ संकेतांक. अक्षराचा आकार कार्ड देई. तीच फाइल कार्ड नसलेल्या कम्प्युटरवर उघडली की पडद्यावर युरोपीय अक्षरांचा आणि चौकटींचा गोंधळ दिसे. फाइल शाबूत होती, फक्त दाखवणारा भाग तिथे नव्हता. आजही पडद्यावर रंगीत चौकोन आणि रेघा दिसू लागल्या की माहिती गेली, असं समजून घाबरणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता प्रत्यक्ष तपासाकडे. आपल्याकडे कम्प्युटर वारंवार बंद पडू लागला की पहिला उपाय ठरलेला असतो : फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाका. या उपायानं पुरावा पुसला जातो. विंडोज कोसळताना शेवटच्या क्षणाची छोटी नोंद मिनीडंप नावाच्या फोल्डरात ठेवते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये आधीच्या कित्येक दिवसांच्या तक्रारी असतात. स्टॉप कोड १२४ असेल तर प्रोसेसरनंच हार्डवेअरच्या दोषाची तक्रार केलेली असते. फॉरमॅट करण्याआधी ही नोंद पेन ड्राइव्हवर घेतली आणि निळ्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला, तर निम्मं काम सोपं होतं. पाच मिनीडंपमध्ये पाचही वेळा एकाच ड्रायव्हरचं नाव असेल तर संशय त्या ड्रायव्हरवर किंवा त्याच्या कार्डावर. दर वेळी वेगळंच नाव येत असेल तर रॅम, प्रोसेसर किंवा वीजपुरवठा यांच्याकडे वळावं, कारण पायाच हलत असेल तर वरच्या कोणत्याही खोलीचं दार अडकू लागतं, हे तपासणाऱ्याला नोंदीतून दिसतं.

दुसरा प्रश्न असा, की बिघाड कधी दिसतो? कम्प्युटर सुरू केल्याबरोबर, कंपनीचं चिन्ह दिसत असतानाच किंवा बायोसच्या पडद्यावर रेघा आणि ठिपके दिसत असतील, तर विंडोजच्या ड्रायव्हरला त्यात गोवता येत नाही. तो तेव्हा सुरूच झालेला नसतो. दोष कार्डात, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये आहे. त्यांतला मॉनिटर आणि केबल वगळण्याची एक साधी युक्ती आहे. विंडोज सुरू झाल्यावर रेघा दिसत असताना स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो दुसऱ्या कम्प्युटरवर किंवा फोनवर उघडावा. तिथेही रेघा असतील तर चित्र आतच बिघडलं आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर आधी केबल बदलून पाहावी.

सेफ मोड ही तिसरी परीक्षा. तिथे विंडोज एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलचा मोठा ड्रायव्हर बाजूला ठेवते आणि स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर चालते. तिथे यंत्र तासन् तास नीट चाललं तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या मोफत साधनानं जुना ड्रायव्हर मुळासकट काढावा आणि कार्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर घ्यावा. दुरुस्ती करणाऱ्यानं एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी : सेफ मोडमध्ये कार्डावर भारच पडत नाही, त्यामुळे तिथे नीट चालणं म्हणजे कार्ड निर्दोष असल्याचा दाखला नव्हे. नवा ड्रायव्हर टाकूनही भार पडताच बंद पडत असेल तर तपास पुढे न्यावा लागतो.

रॅमची तपासणी रात्रभर करावी. मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम १९९४ पासून याच कामासाठी वापरला जातो. रॅमच्या एकाहून अधिक पट्ट्या असतील तर एका वेळी एकच लावावी. रॅमच्या चुका दुर्मीळ असतात असा समज आहे. गूगलच्या सर्व्हरांवरच्या २००९ च्या अभ्यासात मात्र वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक मेमरी मोड्यूलांत किमान एक चूक नोंदली गेली होती. रॅम खोडरबरानं पुसून लावणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि अनेकदा तिनं यंत्र सुरूही होतं. पण खोडरबर संपर्कावरचा सोन्याचा पातळ मुलामा घासून काढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरलं तर तेच काम नुकसान न होता होतं.

प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून, मॉनिटर मदरबोर्डाला जोडून आठवडाभर यंत्र चालवणं ही सर्वांत स्वस्त परीक्षा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅम, एसएमपीएस (म्हणजे कम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) आणि ड्रायव्हर तिन्ही एकाच दुपारी बदलले आणि यंत्र सुधारलं, तर ते कशानं सुधारलं हे कधीच कळत नाही.

बिघाड एकट्या यंत्रात आहे की अनेकांत, हेही विचारावं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल पोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज कम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. भारतातल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच सकाळी, एकाच कोडवर बंद पडली, तेव्हा कुणीही रॅम पुसत बसलं नाही. लॅबमधल्या वीस कम्प्युटरांपैकी वीसही एका अपडेटनंतर बंद पडत असतील तर दोष सॉफ्टवेअरचा. एकच पडत असेल, आणि तोही खिडकीजवळचा, तर आधी खिडकीकडे पाहावं.

वेळणेश्वरला खिडकीबाहेर समुद्र आहे, म्हणून हा मुद्दा इथे जास्त महत्त्वाचा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात आणि ते धुळीसोबत मदरबोर्डावर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. कोकणात पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून वर असते. कोरडी असताना निरुपद्रवी असणारी ती धूळ जूननंतर वीजवाहक पातळ थर बनते. तांबं गंजू लागतं, खाचेतले संपर्क कमकुवत होतात, एक सिग्नल चुकतो आणि पडद्यावर ड्रायव्हरचं नाव येतं. मे महिन्यात नीट चालणारं ग्राफिक्स कार्ड जुलैत रोज अडकतं आणि दिवाळीनंतर आपोआप सुधारतं, अशी तक्रार आली तर ड्रायव्हरची आवृत्ती पाहण्याआधी कार्ड काढून त्याचे संपर्क पाहावेत. पावसाळ्यात आठवडाभर बंद असलेलं यंत्र एकदम भाराखाली घालू नये. आणि पावसाआधी, मेअखेरीला, आतली धूळ ब्रशनं झाडून ब्लोअरनं काढली तर पुढच्या चार महिन्यांतल्या अर्ध्या तक्रारी उगवतच नाहीत, असं किनाऱ्यावरच्या दुरुस्ती करणाऱ्यांचं सांगणं विचारात घेण्यासारखं आहे.

हवेनंतर वीज हा दुसरा धडा. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणजे एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचं. कम्प्युटरचा एसएमपीएस पूर्ण भाराखाली साधारण १६-१७ मिलिसेकंदच बाहेरच्या विजेविना तग धरेल अशी त्याच्या मानकाची अपेक्षा असते. एका आवर्तनापेक्षा जास्त वेळ व्होल्टेज कोसळलं, फांदी तारेला घासली, की दिवा जेमतेम लुकलुकतो, पण यंत्र पुन्हा सुरू होतं किंवा कार्ड अडकतं. एसएमपीएसच्या बारा व्होल्टच्या तारेवर भार असताना मल्टिमीटर ११.४ च्या खाली जात असेल, तर तो एसएमपीएस मर्यादेबाहेर गेला आहे. मग ड्रायव्हर कितीही वेळा बदला. ताकदवान कार्ड क्षणार्धात नेहमीच्या कितीतरी पट वीज मागतं, म्हणून त्याला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल द्यावी, एकाच केबलच्या दोन टोकांवर चालवू नये.

अर्थिंगही तितकंच महत्त्वाचं. जांभ्याच्या कातळात खड्डा खणणं कठीण, आणि उन्हाळ्यात कातळ कोरडा पडला की जमिनीचा रोध वाढतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला फरक वायरमनकडून मोजून घ्यावा; तो दोन-तीन व्होल्टच्या पुढे जात असेल तर अर्थिंगचा खड्डा तपासावा, उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहावं. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की यंत्राचा प्लग काढतात, पण इंटरनेटची तार तशीच राहते. वीज त्या तारेतूनही मदरबोर्डापर्यंत पोचते. तीही काढावी.

पाणी शिरलेल्या यंत्रांचा धडा कोकणानं २२ जुलै २०२१ रोजी घेतला. वाशिष्ठी नदीच्या पुरानं चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. गाळात भिजलेलं यंत्र चालतं का पाहण्यासाठी लगेच सुरू करणं हा सर्वांत महागडा प्रयोग असतो, कारण नुकसान बहुधा पाण्यानं नव्हे, पाण्यात असताना वाहिलेल्या विजेनं होतं. बॅटरी काढावी, बोर्ड स्वच्छ पाण्यानं आणि मग अल्कोहोलनं धुवावा, कित्येक दिवस वाळवावा आणि मगच वीज द्यावी.

हार्डवेअरचा दोष कधी कधी जन्मजात असतो. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियानं लॅपटॉपसाठीच्या काही चिपच्या जोडणीतलं साहित्य कमकुवत असल्याचं मान्य केलं आणि भरपाईसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. चिप तापते, थंड होते, पुन्हा तापते. त्या ताणानं आतले सूक्ष्म सांधे तडकत. त्याच्या आदल्याच वर्षी मायक्रोसॉफ्टला एक्सबॉक्स ३६० च्या बिघाडांसाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक तरतूद करावी लागली होती. त्या काळात चिपला हीट गननं शेक देऊन लॅपटॉप जिवंत करण्याचा धंदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून गावोगावी चालला. शेक दिल्यावर तडकलेला सांधा तात्पुरता जुळे आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुटे. ग्राहकाला हे आधी सांगणं हा दुरुस्ती करणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा भाग आहे.

हे सगळं घरगुती यंत्रांपुरतं नाही. मेटा कंपनीनं २०२४ मध्ये लामा ३ हे भाषिक मॉडेल १६,३८४ ग्राफिक्स प्रोसेसरांवर शिकवलं. ५४ दिवसांत काम ४१९ वेळा अनपेक्षितपणे थांबलं. त्यातल्या १४८ वेळा खुद्द ग्राफिक्स प्रोसेसर बिघडले होते आणि ७२ वेळा त्यांची मेमरी. दुपारच्या तापमानानं कामाचा वेग एक-दोन टक्क्यांनी हलत असल्याचंही त्यांनी नोंदवलं. पुण्याच्या सी-डॅकमधला परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगात ६३ व्या क्रमांकावर आला, तोही शेकडो ग्राफिक्स प्रोसेसरांच्या बळावर. अशा ठिकाणी बिघाड होणारच असं धरून चालतात, म्हणून प्रत्येक बिघाडाची नोंद ठेवतात. मेटाचे आकडे आज आपल्याला सांगता येतात, कारण कुणीतरी ते ४१९ प्रसंग एकेक करून लिहून ठेवले.

वेळणेश्वर ज्या गुहागर तालुक्यात आहे, तिथे अशी नोंद कुणाकडे आहे? शाळांच्या लॅब, आपले सरकार सेवा केंद्रं, पतसंस्था, दवाखाने यांच्याकडे कम्प्युटर आहेत. ते बंद पडतात, दाखला रखडतो, परीक्षेचा अर्ज राहून जातो. यंत्र चिपळूणला जातं, फॉरमॅट होऊन येतं, पुन्हा बंद पडतं आणि शेवटी भंगारात निघतं. अशा भंगारासाठी २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आणि ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. पण दुरुस्तीचा हक्क वापरायचा तर काय बिघडलं आहे हे आधी ठाऊक हवं.

वेळणेश्वरात ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचं महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय २०१२ पासून उभं आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि तालुक्यातल्या दुरुस्ती करणाऱ्यांनी मिळून एक नोंदवही सुरू करावी, अशी या व्याख्यानाची नम्र आणि आग्रहाची सूचना आहे. प्रत्येक बिघाडाला एक ओळ : तारीख आणि वेळ, पाऊस होता का, लाइट गेली होती का, स्टॉप कोड, भिंतीवरच्या प्लगचं व्होल्टेज, काय बदललं आणि महिन्याभरानं यंत्राची स्थिती काय. सोबत एका कपाटात खात्रीचे सुटे भाग ठेवावेत : एक चांगला एसएमपीएस, रॅमच्या दोन पट्ट्या, एक जुनं पण चालणारं ग्राफिक्स कार्ड, मल्टिमीटर, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणि मेमटेस्ट८६ असलेला पेन ड्राइव्ह. शाळेला किंवा सेवा केंद्राला ते दोन दिवसांसाठी नेता यावेत. वही येत्या जूनच्या पहिल्या पावसाआधी उघडली, तर दोन पावसाळ्यांनंतर समुद्रकाठच्या यंत्रांचे कोणते भाग कोणत्या महिन्यात जातात याची यादी तालुक्याच्या हाती येईल, आणि लॅबसाठी नवी यंत्रं घेताना शाळा ती यादी समोर ठेवून विक्रेत्याशी बोलू शकेल.